केलेआउट, फास्टरकॅप, एनजीस्पाइस: पिक्सेलमधल्या कपलिंगवर तिघांचा कस

ओएलईडी पडद्यावर करड्या पार्श्वभूमीच्या मधोमध पांढरा चौकोन दाखवावा आणि चौकोनाच्या बरोबर वर-खाली करड्या रंगाची छटा किंचित बदललेली दिसावी, हा उभ्या क्रॉसटॉकचा, म्हणजे एका भागाचा संकेत दुसऱ्यात उमटण्याचा, नेहमीचा नमुना. अशा वेळी आधी ड्रायव्हर चिपवर संशय जातो, पण बऱ्याचदा गोम पिक्सेलमधल्या तारांच्या मांडणीत असते. डेटा रेषा दर ओळीला व्होल्टेज बदलते. तिच्या शेजारून ओएलईडीला करंट देणाऱ्या ड्रायव्हिंग ट्रान्झिस्टरच्या गेटची तार जात असेल, तर त्या बदलाचा थोडासा वाटा गेटवरही उमटतो. हेच कपलिंग. हा वाटा लेआउट काढतानाच मोजायला हवा. मास्क (थर छापायचे साचे) बनून आल्यावर गॅमा (उजेडाच्या छटांची जुळवणी) बदलून तो झाकता येत नाही, कारण तो चित्रागणिक बदलतो.

हे मोजणारी विकतची मोठी साधने आहेत. इथे परीक्षण आहे ते मुक्त परवान्याच्या तीन साधनांच्या जोडणीचे: लेआउटसाठी केलेआउट, कपॅसिटन्स काढायला फास्टरकॅप आणि सर्किट चालवून बघायला एनजीस्पाइस. प्रश्न एवढाच की पिक्सेलच्या तारा कुठून न्यायच्या, शील्ड (आड येणारी स्थिर व्होल्टेजची धातूपट्टी) कुठे घालायची, हा निर्णय या तिघांच्या भरवशावर घेता येतो का. येतो. पण साधने मूळ सेटिंगवर ठेवून काम उरकले तर हाती येणारा आकडा विश्वासाचा नसतो, आणि तो चुकला आहे असे तिघांपैकी एकही साधन सांगत नाही. म्हणून या परीक्षणाचा बराच भाग त्या सेटिंगवरच आहे.

किती अचूकता लागते ते आधी ठरवू, नाहीतर साधन चांगले की वाईट हे कशाच्या आधारावर म्हणायचे? सात ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असलेला पी-चॅनेल एलटीपीएस (कमी तापमानात बनवलेल्या पॉलिसिलिकॉनचा) पिक्सेल घ्या. ड्रायव्हिंग ट्रान्झिस्टर टी१ चा गेट म्हणजे एन१ नोड. स्टोरेज कपॅसिटर ५० फेम्टोफॅरड, डेटाचा झोका ४ व्होल्ट. मंद उजेडात टी१ थ्रेशोल्डच्या खाली चालतो. त्याचा सबथ्रेशोल्ड स्विंग दशकाला (करंट दहापट बदलायला) ०.३ व्होल्ट धरला, तर करंट १ टक्का हलायला गेटवर साधारण १.३ मिलिव्होल्ट पुरतात. आता उलटे गणित करा: १.३ मिलिव्होल्टला ४ व्होल्टने भागून ५० ने गुणले की ०.०१६ फेम्टोफॅरड येतात. डेटा रेषा आणि एन१ यांच्यातले कपलिंग यापेक्षा जास्त झाले की १ टक्क्याची मर्यादा मोडली. तेच ०.१ फेम्टोफॅरड झाले तर गेट ८ मिलिव्होल्ट हलतो आणि करंट ६ टक्क्यांच्या वर बदलतो. म्हणजे साधनाने ५० फेम्टोफॅरडच्या शेजारी बसलेले ०.०१६ फेम्टोफॅरड नीट ओळखायला हवेत. तिन्ही साधनांची परीक्षा याच एका आकड्यावर आहे.

केलेआउटबद्दल फार तक्रारीला जागा नाही. मोठ्या जीडीएस आणि ओएसिस या लेआउटच्या फायली ते सहज उघडते, रूबी आणि पायथन दोन्हीत स्क्रिप्ट लिहिता येते, आणि डीआरसीची (मांडणीचे नियम तपासण्याची) भाषा इतकी सुटसुटीत आहे की कपलिंगची पहिली चाळणी तिथेच लागते. ही चाळणी अशी लावावी. ॲक्टिव्ह (सिलिकॉनच्या) लेयरमधून गेट१ (गेटचा धातूथर) वजा करा, नाहीतर टी१ चे चॅनेल सोर्स-ड्रेन एकत्र जोडून टाकते आणि अख्खा पिक्सेल एकच नेट (विजेने जोडलेला समूह) होतो. एन१ चे लेबल गेट१ च्या पट्टीवर ठेवा. त्या पट्टीला लागणारे काँटॅक्ट शोधा, त्या काँटॅक्टना लागणारा एसडी१ चा (सोर्स-ड्रेनच्या पहिल्या धातूथराचा) तुकडा शोधा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाचा ॲक्टिव्हचा तुकडा शोधा. तीन उड्यांत एन१ पूर्ण हाती लागतो. मग दोन गोष्टी तपासायच्या. डेटा रेषा आणि एन१ यांचा वरून दिसणारा छेद शून्य आहे का? आणि एन१ पासून ६ मायक्रॉनच्या आत डेटा रेषा ५ मायक्रॉनपेक्षा जास्त लांबीपर्यंत समांतर धावते का? दुसऱ्यासाठी सेपरेशनच्या तपासणीला प्रोजेक्टिंगची (समोरासमोर असलेल्या लांबीची) अट जोडली की झाले. जिथे खूण उमटेल तिथेच पुढचे जड गणित करायचे, सगळीकडे नाही.

छेद शून्य का हवा, ते जवळून बघण्यासारखे आहे. बहुतेक मांडण्यांत टी१ चा गेट आणि त्याला लागणाऱ्या स्विच ट्रान्झिस्टरचा, म्हणजे टी३ चा, ड्रेन यांना जोडणारी एसडी१ ची छोटी पट्टी असते. जागा वाचवायला डेटा रेषा एसडी२ वर, म्हणजे त्याच्या वरच्या धातूथरावर, घेतात आणि ती या पट्टीवरून आडवी नेतात. मध्ये दीड मायक्रॉनचा ऑरगॅनिक थर आहे, काय बिघडणार, असे वाटते. त्या थराचा परावैद्युतांक ३.३ धरा. प्रति चौरस मायक्रॉन ०.०१९५ फेम्टोफॅरड होतात. दोन्ही तारा ३ मायक्रॉन रुंद असतील तर छेद ९ चौरस मायक्रॉनचा, म्हणजे सुमारे ०.१८ फेम्टोफॅरड, तेही कडांचे क्षेत्र न मोजता. मर्यादेच्या अकरा पट! आणि हा आकडाही कमीच आहे. ऑरगॅनिक थर पृष्ठभाग सपाट करतो, म्हणजे खालच्या धातूच्या उंचवट्यावर तो पातळ होतो. एसडी१ ची जाडी ०.७ मायक्रॉन असेल आणि थर अगदी सपाट बसला असेल, तर पट्टीच्या डोक्यावर दीड नव्हे, ०.८ मायक्रॉनच उरतो. तेव्हा हेच कपलिंग ०.३३ फेम्टोफॅरडवर जाते. प्रक्रियेच्या कागदावरची जाडी मॉडेलमध्ये जशीच्या तशी घालणाऱ्यांची फसगत हमखास इथेच होते.

केलेआउटचे २.५डी दृश्य अशा ठिकाणी डोळ्यांना मदत करते. कोणता लेयर कशावर येतो, शील्ड खरोखर मध्ये आहे का, हे एका नजरेत कळते. मात्र ते प्रत्येक लेयर सरळ ठोकळ्यासारखा उभा करते. पायऱ्यांवर चढणारी फिल्म, काँटॅक्टच्या भोकातला उतार, वरचे पातळ झालेले थर त्यात नसतात. ते फक्त बघण्यासाठी आहे, त्यावरून मोजमाप करू नये.

एलव्हीएसमध्ये (लेआउट आणि सर्किट जुळतात का या तपासणीत) एक गफलत दडलेली आहे आणि ती शील्डच्या मुळावर येते. शील्ड म्हणून काढलेला तुकडा ईएलव्हीडीडीला (पिक्सेलच्या स्थिर पुरवठ्याच्या तारेला) जोडायचा राहून गेला, तर तो अधांतरी नेट होतो. त्याला एकही ट्रान्झिस्टर जोडलेला नसतो, त्यामुळे नेटलिस्ट सिम्प्लिफाय करताना असे रिकामे नेट गाळले जातात आणि एलव्हीएस हिरवा कंदील देते. अधांतरी शील्ड ही शील्ड नसल्यापेक्षा वाईट, कारण डेटा रेषेचा झोका ती रुंद तबकडीतून थेट एन१ पर्यंत पोचवते. उपाय सोपा आहे: शील्डसाठी जो लेयर वापरला त्यातले व्हियाला (दोन थर जोडणाऱ्या भोकाला) न लागणारे सगळे तुकडे डीआरसीमध्ये वेगळे काढा. ही एक ओळ प्रत्येक पिक्सेल लेआउटच्या स्क्रिप्टमध्ये कायमची असावी.

आता फास्टरकॅप. जोडणीतला सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात मोलाचा भाग हाच. एमआयटीत घडलेल्या फास्टकॅपच्या वळणाचा हा सॉल्व्हर आहे: धातूंचे पृष्ठभाग चौकोनी आणि त्रिकोणी पॅनेलांत मांडायचे, परावैद्युतांच्या सीमा वेगळ्या द्यायच्या, आणि तो मॅक्सवेल कपॅसिटन्स मॅट्रिक्स (कोणत्या धातूचे कोणाशी किती कपलिंग याचा तक्ता) काढून देतो. गणिताचा गाभा भक्कम आहे. पण केलेआउटमधून त्याच्या फायली काढायला स्क्रिप्ट आपण लिहून घेतलेली बरी. पॉलिगॉनचे ट्रॅपेझॉइडमध्ये तुकडे करायची सोय केलेआउटमध्ये तयार आहे. वरचा आणि खालचा पृष्ठभाग त्या तुकड्यांतून निघतो, बाजूच्या भिंती कडांवरून उभ्या करायच्या. रूबीत शंभर-दीडशे ओळींचे काम आहे.

ही स्क्रिप्ट लिहिताना चार ठिकाणी पाय घसरतो. पहिले, एककाचे. फास्टरकॅप अंतरे मीटरमध्ये धरतो. मायक्रॉनचे आकडे तसेच घातले तर उत्तर दहा लाख पटीने मोठे येते, शेवटी दहा लाखाने भागायचे. दुसरे, एसडी१ ची पट्टी खालून इंटरलेयर ऑक्साइडला टेकते आणि वरून, बाजूंनी ऑरगॅनिक थरात बुडालेली असते. एकाच धातूच्या पृष्ठभागांना दोन वेगळे परावैद्युतांक द्यावे लागतात, म्हणून ते दोन फायलींत ठेवून यादीतल्या ओळीच्या शेवटी अधिकचे चिन्ह देऊन एकच कंडक्टर म्हणून जोडावे लागतात. चिन्ह विसरले की एन१ चे दोन तुकडे होतात आणि मॅट्रिक्समध्ये एक ओळ जास्त दिसते. तिसरे, परावैद्युतांची सीमा. जिथे धातू बसला आहे तिथे ती सीमा नसते, म्हणून सीमेच्या चौकोनातून धातूचा आकार वजा करायला हवा. तो वजा केला नाही तर एकाच जागी दोन पॅनेल येतात आणि उत्तर बिघडते, पण कार्यक्रम चालत राहतो. चौथे, सीमेचा संदर्भबिंदू. कोणत्या बाजूला कोणता पदार्थ आहे हे त्या बिंदूवरून ठरते, तो उलट बाजूला पडला की सिलिकॉन नायट्राइड आणि ऑरगॅनिक थर यांची अदलाबदल होते. ही चूक पकडायची युक्ती अशी: एक साधी समांतर तबकडी त्याच स्क्रिप्टमधून पाठवा. १३० नॅनोमीटर नायट्राइड, परावैद्युतांक ७, क्षेत्र १०० चौरस मायक्रॉन असेल तर उत्तर ४७.७ फेम्टोफॅरडच्या किंचित वर आले पाहिजे. आले नाही तर पुढे जायचे नाही.

किती पिक्सेल घ्यायचे? फास्टरकॅपमध्ये आवर्ती किंवा आरशासारखी सीमा देता येत नाही. एकटा पिक्सेल मोजला तर कडेच्या डेटा रेषेचे क्षेत्र मोकळ्या जागेत पसरते आणि कपलिंग जास्त दिसते, कारण प्रत्यक्षात ते क्षेत्र शेजाऱ्यांच्या तारांनी ओढून घेतले असते. मधला सबपिक्सेल पूर्ण आणि भोवती निदान अर्धा-अर्धा शेजारी घ्यावा, वरून कॅथोडची एक सलग तबकडी ठेवावी. सगळ्या स्थिर व्होल्टेजच्या तारा एकाच कंडक्टरमध्ये गुंफल्या तर मॅट्रिक्स आटोपशीर राहते.

फास्टरकॅपवरची सगळ्यात मोठी हरकत अचूकतेच्या निकषावर आहे. स्वयंचलित पर्यायात ०.०१ ही चूक दिली की जाळी बारीक होत जाते आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांतला फरक १ टक्क्याखाली गेला की तो थांबतो. पण हा फरक अख्ख्या मॅट्रिक्सच्या नॉर्मचा (सगळ्या पदांच्या एकत्रित मापाचा) असतो. मॅट्रिक्समध्ये ६० फेम्टोफॅरडचा कर्ण बसला असेल, तर नॉर्मवर राज्य त्याचेच. त्याचा १ टक्का म्हणजे ०.६ फेम्टोफॅरड, आपल्या ०.०१६ च्या जवळजवळ चाळीस पट. कर्ण स्थिरावला म्हणून गणित थांबते आणि शील्डमागचे इवलेसे पद अजून हेलकावत असते. शील्ड घातल्यावर कपलिंग शून्याजवळ आले म्हणून आनंद होतो, आणि तो आकडा निव्वळ गोंगाट असू शकतो.

यावर दोन उपाय मिळून करावे लागतात. स्टोरेज कपॅसिटरची खालची तबकडी मॉडेलमधून काढा. तिच्यावर ईएलव्हीडीडीची वरची तबकडी पूर्ण झाकण घालून असेल तर डेटा रेषेला ती दिसतच नाही. वरची तबकडी मात्र जागेवर ठेवायची. ५० फेम्टोफॅरड हाताने काढून सर्किटमध्ये घालता येतात. १३० नॅनोमीटर नायट्राइडला त्यासाठी १०५ चौरस मायक्रॉन लागतात, यात सॉल्व्हरची काही गरज नाही. कर्ण आता २ ते ३ फेम्टोफॅरडवर येतो. दुसरा उपाय, तीच फाइल ०.०१, ०.००५ आणि ०.००२ वर चालवा आणि फक्त डेटा-एन१ हे पद बघा. शिवाय मॅट्रिक्समधले डेटा-एन१ आणि एन१-डेटा हे दोन आकडे भौतिकदृष्ट्या सारखेच असायला हवेत. सॉल्व्हर ते वेगवेगळे काढतो, त्यामुळे त्यांच्यातली तफावत हा फुकट मिळालेला चुकीचा अंदाज आहे. तफावत पदाच्या पाचव्या हिश्शापेक्षा मोठी असेल तर त्या पदावरून मांडणी ठरवू नये.

आणखी एक: मॅक्सवेल मॅट्रिक्सच्या कर्णावर नोडचा एकूण कपॅसिटन्स असतो, परस्परांमधली पदे त्यात आधीच मिसळलेली असतात. कर्ण जमिनीकडे आणि बाकीची पदे शेजाऱ्यांकडे असे सर्किटमध्ये घातले तर प्रत्येक कपलिंग दोनदा मोजले जाते. गेटखालचे चॅनेलही धातू म्हणून मॉडेलमध्ये ठेवू नये, तो कपॅसिटन्स ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमध्ये येतोच.

एनजीस्पाइसकडे वळलो की दुसरी पंचाईत. पॉलिसिलिकॉन टीएफटीची मॉडेले त्यात तयार मिळतील या आशेवर राहू नये. व्हेरिलॉग-ए या भाषेत लिहिलेले मॉडेल ओएसडीआयच्या (बाहेरची मॉडेले जोडण्याच्या) वाटेने जोडावे, किंवा कपलिंगपुरता अंदाज हवा असेल तर थ्रेशोल्डखालचा वाकडा भाग नीट बसवलेला वर्तनात्मक करंट सोर्स लिहावा. या कामाला दुसराही चालतो, कारण आपल्याला दोन मांडण्यांतला फरक हवा आहे.

खरी मेख मूळ सेटिंगमध्ये आहे. जीमिन (गणित जुळावे म्हणून सिम्युलेटरने घातलेली किमान वाहकता) मुळात १० चा उणे १२ वा घात सीमेन्स असतो आणि तो जंक्शनांना समांतर बसतो. ५ व्होल्टला ५ पिकोअँपिअर. नेहमीच्या सर्किटमध्ये याची दखलही घ्यायची गरज नसते. पण ५० फेम्टोफॅरडवर ५ पिकोअँपिअर १६.७ मिलिसेकंदांच्या एका फ्रेममध्ये १.६७ व्होल्ट गळती दाखवतात! पिक्सेल सिम्युलेशनमध्ये एन१ खाली घसरताना दिसला की लोक टी३ ला दोष देतात, आणि गळत असतो सिम्युलेटर. जीमिन उणे १६ वा घात किंवा त्याखाली न्यावा. ओएलईडी साध्या डायोडने दाखवला असेल तर त्यालाही हा जीमिन चिकटतो आणि मंद उजेडातले करंट बिघडवतो.

रेलटॉल (चालणारी सापेक्ष चूक) मुळात ०.००१ आहे. ४ व्होल्टवर ४ मिलिव्होल्टची ढिलाई, आणि आपण शोधतोय १.३. तो ०.००००१ वर न्यावा. सीएचजीटॉलची (विद्युतभारात चालणाऱ्या चुकीची) मूळ किंमत १० चा उणे १४ वा घात कूलंब, आणि ८ मिलिव्होल्टचा धक्का ५० फेम्टोफॅरडवर म्हणजे ४ गुणिले १० चा उणे १६ वा घात कूलंब. धक्का सहनशीलतेच्या पंचविसाव्या हिश्शाचा, मग टाइमस्टेप त्याच्यासाठी बारीक का होईल? उणे १८ वा घात द्यावा. ॲबटॉल (करंटमध्ये चालणारी चूक) उणे १२ वरून उणे १५ वा घात करावा. इतके आवळल्यावर सुरुवातीचा डीसी बिंदू कधी कधी सापडत नाही, तेव्हा एन१ ला सुरुवातीचे व्होल्टेज हाताने द्यावे आणि रीसेट-राइट-एमिशनचे एक पूर्ण चक्र सोडून दुसऱ्या फ्रेमपासून मोजावे.

दोन वेगवेगळ्या रनची तुलना करण्यापेक्षा एकाच नेटलिस्टमध्ये दोन पिक्सेल ठेवावेत: दोघांना स्कॅन (ओळ निवडणारा संकेत), एमिशन आणि राइटच्या वेळचा डेटा तोच, फक्त होल्डच्या काळात एकाची डेटा रेषा करड्यावर थांबते आणि दुसऱ्याची अर्धा फ्रेम पांढऱ्यावर जाते. दोन्ही एकाच टाइमस्टेपवर सुटतात, त्यामुळे पायरीची चूक वजाबाकीत निघून जाते. मोजायचे ते एमिशनभरच्या ओएलईडी करंटची सरासरी. क्षणिक शिखर बघून घाबरायचे कारण नाही. डेटा रेषा मूळ जागी परतली की एन१ ही परततो, डोळ्याला दिसते ती सरासरीच.

या जोडणीने मांडणीचे कोणते प्रश्न खरोखर सुटतात? शील्डचा तर नक्कीच. डेटा रेषा एसडी२ वर आणि एन१ ची जोडपट्टी एसडी१ वर असेल, तर दोघांच्या मध्ये ईएलव्हीडीडीची एसडी१ पट्टी जोडपट्टीला बाजूने वेढून जाऊ द्यावी आणि डेटा रेषा जोडपट्टीऐवजी या पट्टीच्या डोक्यावरून न्यावी. ईएलव्हीडीडीच का? कारण स्टोरेज कपॅसिटरचे दुसरे टोकही तेच आहे. शील्ड आणि एन१ यांच्यातला कपॅसिटन्स वाया जात नाही, स्टोरेजमध्ये जमा होतो. इनिशियलायझेशनची तार शील्ड म्हणून सोयीची दिसते, पण रीसेटच्या वेळी तिच्यातून करंट वाहतो, ती लांब आणि अरुंद असली तर तीच डगमगते. एनजीस्पाइसमध्ये शील्डला आदर्श जमिनीला न जोडता तिचा खरा रेझिस्टन्स घातला तर हा फरक लगेच समोर येतो.

शील्ड डेटा रेषेच्या पूर्ण लांबीभर पसरण्याचा मोह टाळावा. ३ मायक्रॉन रुंद रेषेखाली ६० मायक्रॉन उंचीच्या पिक्सेलभर तबकडी घातली तर ०.८ ते १.५ मायक्रॉन अंतरानुसार पिक्सेलमागे साडेतीन ते साडेसहा फेम्टोफॅरड वाढतात. २४०० ओळींत ८ ते १६ पिकोफॅरड. रेषेच्या आरसी वेळेवर याचा फारसा बोजा पडत नाही. ०.०५ ओहम प्रति चौकोनाच्या धातूत १४४ मिलिमीटर लांबीचा रेझिस्टन्स २.४ किलोओहम असतो, त्यामुळे रेषेचा स्वतःचा उशीर काही दहा नॅनोसेकंदांतच राहतो आणि १२० हर्ट्झला एका ओळीचा वेळ ३.४७ मायक्रोसेकंद आहे. बोजा पडतो विजेच्या खर्चावर. १० पिकोफॅरड, ४ व्होल्ट, ओळीआड काळे-पांढरे चित्र, २१६० रेषा: जवळपास ५० मिलिवॅट जादा. म्हणून शील्ड एन१ च्या हद्दीपुरती, दोन्ही टोकांना २-३ मायक्रॉन पुढे, इतकीच.

टी३ चा मधला नोड हा दुसरा विषय, आणि तो परीक्षणांतून सहज निसटतो. गळती कमी करायला टी३ ला दोन गेट देतात. दोन गेटांच्या मधला ॲक्टिव्हचा तुकडा टी३ बंद झाल्यावर अधांतरी राहतो. त्याचा एकूण कपॅसिटन्स दीड फेम्टोफॅरड आणि त्यातला स्कॅनकडचा ०.६ असेल, तर स्कॅन उणे ७ वरून अधिक ७ व्होल्टवर जाताना हा नोड ५.६ व्होल्टने उसळतो. मग तो सगळा फ्रेमभर एन१ कडे हळूहळू गळत राहतो, आणि रिफ्रेश जितका संथ तितकी फ्लिकर जास्त. ईएलव्हीडीडीची एक जीभ या तुकड्यावर आणून ३ फेम्टोफॅरड घातले की उसळी १.९ व्होल्टवर उतरते. इथे फास्टरकॅपची अचूकता पुरेपूर पुरते, कारण आकडेच मोठे आहेत. डेटा-एन१ च्या तुलनेत हा हिशोब अर्ध्या दिवसात हातावेगळा होतो.

शेजारचे पिक्सेल आरशासारखे मांडून ईएलव्हीडीडीची तार वाटून घ्यायची असेल, तर दुसऱ्या बाजूला दोन डेटा रेषा एकमेकींना खेटतात. डीमक्स (ड्रायव्हरचे एक टोक अनेक रेषांत पाळीपाळीने वाटणारा स्विच) नसेल तर दोन्ही रेषा ड्रायव्हरने धरलेल्या असतात, चालून जाते. एकास दोन डीमक्स असेल तर पहिली रेषा भरून सुटते, अधांतरी राहते, आणि मग दुसरी हलते. पिक्सेलमागे फक्त ०.३ फेम्टोफॅरड परस्पर कपलिंग असले तरी २४०० ओळींत ०.७२ पिकोफॅरड. रेषेचा एकूण २४ पिकोफॅरड धरला तर ३ टक्के, ४ व्होल्टला १२० मिलिव्होल्ट चुकीचा डेटा लिहिला जातो. अशा मांडणीत दोघींच्या मध्ये स्थिर तार घालावी किंवा आरसा सोडून द्यावा. फास्टरकॅपमध्ये इथे एकाच पिक्सेलची उंची घेऊन ओळींच्या संख्येने गुणले तरी भागते.

शेवटची फेरी लेयरच्या सरकण्याची, आणि इथे केलेआउटची स्क्रिप्ट पुन्हा कामाला येते. डेटा, शील्ड आणि एन१ एकाच लेयरवर नसतील तर एक्स्पोजरमध्ये ते एकमेकांपासून सरकतात. शील्डची कड जोडपट्टीच्या कडेशी बरोबर मिळवून काढली असेल, तर अर्धा मायक्रॉन सरकताच एन१ उघडा पडतो, आणि पडद्याच्या एका भागात कपलिंग ठीक, दुसऱ्या भागात वाईट असा पट्टा दिसतो. ओलांडून जाणाऱ्या आकारांना ही भीती नसते, अर्ध्यात संपणाऱ्यांना असते. एसडी२ ला उजवी-डावी, वर-खाली ०.५ मायक्रॉन सरकवून चार फायली आणि मूळची पाचवी, अशा पाच फायली स्क्रिप्टने काढाव्यात, प्रत्येक ०.००२ वर चालवावी, आणि पाचातला सर्वात वाईट आकडा एनजीस्पाइसमध्ये घालावा. तो ०.०१६ च्या आत बसला नाही तर आधी शील्ड १ मायक्रॉनने रुंद करून बघावे. स्टोरेज वाढवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नये, कारण पिक्सेलमध्ये तेवढी जागा क्वचितच उरलेली असते.